नाव नसलेला चित्रकार

लंडनच्या नॅशनल गॅलरीत ‘विल्टन डिप्टिक’ या नावाने ओळखले जाणारे एक गॉथिक जोडचित्र आहे. पुस्तकासारख्या मिटणाऱ्या दोन लाकडी फळ्या. उंची जेमतेम ५३ सेंटिमीटर. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या खासगी उपासनेसाठी ते सुमारे १३९५ ते १३९९ या काळात रंगविले गेले. एकीकडे तीन संतांसह गुडघे टेकलेला राजा, तर दुसरीकडे बाल येशूला घेतलेली मेरी आणि अकरा देवदूत. त्या देवदूतांच्या वस्त्रांवरही राजाचे पांढऱ्या हरणाचे चिन्ह आहे. जणू स्वर्गानेच राजाचा पक्ष घेतला होता! प्रत्यक्षात १३९९ मध्ये रिचर्ड पदच्युत झाला आणि पुढच्याच वर्षी बंदिवासात मरण पावला. राजाचे वैभव लयाला गेले. चित्र मात्र उरले.

ते कोणी काढले, हे कोणालाच ठाऊक नाही. इंग्लंड, फ्रान्स, इटली, बोहेमिया अशा अनेक देशांशी अभ्यासकांनी या चित्रकाराचे नाते जोडून पाहिले. चित्राची साक्ष मात्र कोणा एकाच्या बाजूने पडत नाही. ओकची फळी आणि तिच्यावरचा खडूचा लेप उत्तर युरोपातील. त्वचेच्या रंगाखाली दिलेला हिरवा थर इटालियन पद्धतीचा. आणि मेरीच्या वस्त्राची निळाई दूरच्या अफगाणिस्तानातील लाजवर्दाची. ज्याच्या हातात इतक्या परंपरा एकत्र आल्या, त्याला एकाच राष्ट्राच्या दप्तरात नोंदविण्याचा अट्टाहास कशासाठी?

१९९२ च्या सुमारास चित्राची सफाई झाली, तेव्हा ध्वजकाठीच्या टोकावरील अवघ्या सेंटिमीटरभर गोलात एक हिरवे बेट, त्यावर पांढरा किल्ला आणि भोवती समुद्र दिसून आला. हे बेट म्हणजे इंग्लंड, असे मानले जाते. प्रार्थनेस बसलेल्या राजालाही जे सहज दिसले नसते, ते या कलावंताने तितक्याच निष्ठेने रंगविले होते.

त्या काळी चित्रावर स्वाक्षरी क्वचितच होई. तेव्हा त्याच्या अनामिकतेला विनयाचा मुलामा देण्याचे कारण नाही. परंतु आज चित्राआधी स्वाक्षरी पाहिली जाते आणि नावावरून किंमत ठरते. नावाचा आधार काढून घेतल्यावर प्रेक्षकाला स्वतःच्या डोळ्यांवरच विसंबावे लागते. या अज्ञात चित्रकाराचे आपल्यावर ऋण असेल, तर ते हेच.