दुबईतील घर आणि मृत्युपत्र
व्यापारानिमित्त दुबईत स्थिरावलेली कुटुंबे घर घेताना भाव बारकाईने पाहतात. मृत्युपत्राचा विचार मात्र पुढे ढकलतात. २००६ च्या कायद्यानुसार परदेशी व्यक्तींना ठरावीक भागांतच पूर्ण मालकी मिळते. म्हणून इसार देण्यापूर्वी तेथील जमीन विभागातील नोंद तपासावी. हस्तांतर शुल्क किमतीच्या ४ टक्के, दलाली निराळी. बांधकाम चालू असल्यास हप्ता प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच भरावा.

घर एकट्या पतीच्या नावे असेल, तर त्याच्या पश्चात न्यायालयाचा वारसा आदेश मिळेपर्यंत पत्नीला ते विकता येत नाही. बिगरमुस्लिमांसाठी २०१५ पासून तेथील डीआयएफसीमध्ये मृत्युपत्र नोंदविण्याची सोय आहे. मुंबईच्या पेढीतील तिजोरीत ठेवलेले मृत्युपत्र दुबईत चालवायचे, तर साक्षांकन, अरबी भाषांतर, न्यायालय ही सारी धावपळ घरच्यांच्या वाट्याला येते, तीही सुतकाच्या दिवसांत.