जुना ट्रॅक्टर घरी येतो

सुगी आटोपून धान्य घरात आले, की पुष्कळ शेतकरी कुटुंबांत एका जुन्याच विषयाची नव्याने चर्चा सुरू होते. बैलजोडी थकलेली असते, गडीमाणूस वेळेवर मिळत नाही, आणि भाड्याचा ट्रॅक्टर नेमका वापसा निघून गेल्यावर बांधावर येतो. नवा ट्रॅक्टर घ्यावा, तर त्यास लाखो रुपये पडतात. अशा वेळी घरातील कोणीतरी वडीलधारे माणूस म्हणते, “एखादा जुना पाहावा.”

बैल पारखण्याची विद्या गावोगावी होती. दात पाहून वय ओळखावे, खूर तपासावेत, चालवून पाहावे, आणि मग उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरवावा, अशी ती रीत. ट्रॅक्टरचीही पारख करावी लागते. फक्त खुणा निराळ्या. ट्रॅक्टरचे वय वर्षांपेक्षा तासांवर मोजतात. इंजिन किती तास चालले हे दाखविणारे मीटर चालकासमोरच असते. परंतु ते बंद पडलेले असू शकते, किंवा कोणी मुद्दाम बदललेलेही असू शकते. म्हणून जाणता मनुष्य मीटर पाहून झाले की क्लचच्या पेडलकडे पाहतो. मीटर थोडेच तास सांगत असेल आणि पेडलवरचे रबर मात्र झिजून गुळगुळीत झाले असेल, तर रबराची साक्ष खरी मानावी. नुकताच दिलेला चकचकीत रंग पाहून तर अधिकच सावध व्हावे.

इंजिन गार असतानाच सुरू करून पाहावयाचे असते. काही विक्रेते गिऱ्हाईक येण्यापूर्वीच ते तापवून ठेवतात, कारण तापलेले इंजिन सहज सुरू होते आणि त्याचे दुखणे झाकले जाते. इंजिनावर हात ठेवला, की हे कळते. सुरू झाल्यावर धुराकडे लक्ष द्यावे. काळा धूर पुष्कळदा हवेची गाळणी तुंबल्याचे किंवा डिझेल नीट जळत नसल्याचे सुचवितो. हा दोष बहुधा थोडक्यात निघतो. निळसर धूर येत असेल, तर इंजिनातील ऑइल जळत आहे, म्हणजे आतील रिंगा व सिलिंडर झिजले आहेत, असा संशय घ्यावा. तो खर्च मोठा असतो. ऑइलची पट्टी ओढून पाहता ऑइल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी मिसळत आहे.

मागील तीन दांड्यांची जोडणी व अवजार उचलणारी लिफ्ट ही ट्रॅक्टरची खरी ताकद. आयर्लंडमधील हॅरी फर्ग्युसन यांनी रूढ केलेली ही रचना आज जगभर वापरली जाते. नांगर जोडून तो उचलावा, इंजिन बंद करावे आणि थोडा वेळ नुसते पाहत उभे राहावे. नांगर लगेच खाली बसू लागला, तर लिफ्टमध्ये गळती आहे.

भारतीय बनावटीचा पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरीदाबाद येथे तयार झाला. पुढे अनेक कारखाने निघाले व काही बंदही पडले. बंद पडलेल्या बनावटीचा ट्रॅक्टर स्वस्त मिळतो खरा. पण त्याचा एखादा भाग तालुक्याच्या गावी मिळेनासा झाला, तर ऐन पेरणीत तो दारात उभा राहतो.

यंत्रापेक्षाही कागदांनी माणूस अधिक फसतो. आरसी बुकातील इंजिन व चासीचे क्रमांक प्रत्यक्ष लोखंडावरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. त्या पुस्तकात बँकेच्या कर्जाचा बोजा नोंदलेला असेल, तर कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला व नमुना ३५ हातात आल्यावाचून पैसे देऊ नयेत. बायकोच्या पाटल्या मोडून घेतलेला ट्रॅक्टर दुसऱ्याच्या थकबाकीपायी बँकेने ओढून नेला, तर त्या घराने दाद कोणाकडे मागावी? विक्रीची सूचना नमुना २९ मध्ये व हस्तांतराचा अर्ज नमुना ३० मध्ये परिवहन कार्यालयाकडे जातो. विमाही नव्या मालकाच्या नावे करून घ्यावा लागतो.

व्यवहार पुरा झाला, की ट्रॅक्टर घराकडे निघतो. त्यास डाव्या व उजव्या मागील चाकांसाठी दोन निरनिराळे ब्रेक असतात. शेतात वळताना त्यांचा उपयोग होतो. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल खिटीने जोडलेले असावेत, नाहीतर वेगात एकच ब्रेक दाबला जाऊन ट्रॅक्टर उलटण्याचा धोका असतो. बरोबर आलेल्या मुलांना मडगार्डवर बसण्याची फार हौस असते. त्यांना एस. टी.नेच परत पाठविलेले बरे.

दिवेलागणीला तो दारी येतो. घरातील बाई पाणी ओवाळून टाकते, बॉनेटवर हळदकुंकू लावते, चाकापुढे नारळ फुटतो. शेजारी किंमत विचारतात आणि प्रत्येक जण ती थोडी जास्तच झाली असे सांगून जातो. गोठ्यातले बैल त्या आवाजाने कान टवकारतात. रात्री सर्व निजल्यावर घरातील म्हातारा इंजिनाखाली एक जुने वर्तमानपत्र पसरून ठेवतो, आणि पहाटे कोणी उठण्याआधी कंदील घेऊन, त्यावर ऑइलचा थेंब पडला आहे की काय, हे वाकून पाहतो.