न झालेली लढत

कुडपणहून पोटासाठी मुंबई गाठायची तर घाट उतरून पोलादपूरला यायचं आणि एसटी धरायची. कुणाची परवानगी लागत नाही. हंगेरीच्या बुडापेस्टहून ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना साधारण तेवढंच, फार तर थोडं अधिक लांब. पण लास्लो पाप या मुष्टियोद्ध्याला तेवढ्या प्रवासासाठी सरकारची मर्जी राखावी लागे. ती फिरली आणि त्याची कारकीर्द संपली.

नाव आपल्याकडे फारसं कानावर येत नाही. पण आपले खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला आणि १९५२ साली हेलसिंकीला गेले, त्या दोन्ही ऑलिंपिकमध्ये हा पाप सुवर्णपदक जिंकला. १९५६ साली मेलबर्नला अमेरिकेच्या होझे टोरेसला हरवून त्याने तिसरं मिळवलं. मुष्टियुद्धात तोवर कुणालाच तीन सुवर्णपदकं मिळाली नव्हती.

पदकांनी चूल पेटत नाही, हे खाशाबांनाही ठाऊक होतं. ते पोलीस खात्यात गेले. पापने १९५७ साली, एकतिसाव्या वर्षी, व्यावसायिक मुष्टियुद्धाची वाट धरली. हौशी लढत तेव्हा तीन फेऱ्यांची, तर व्यावसायिक जगज्जेतेपदाची पंधरा फेऱ्यांची. शिवाय ठोसे मारून मारून पापचे हात दुखावलेले. मोठी अडचण मात्र निराळीच होती. साम्यवादी हंगेरीत पैशासाठी लढणं तत्त्वात बसत नव्हतं. आपल्याकडे जत्रेतल्या फडात पैलवानाने इनाम घेतलं तर गाव त्याला मिरवतं. तिथे पापला खास सवलत म्हणून परवानगी मिळाली. सराव व्हिएन्नात, लढती परदेशांत. १९६२ साली तो मिडलवेट गटात युरोपचा विजेता झाला आणि ते पद त्याने सहा वेळा राखलं.

आता उरली होती जगज्जेतेपदाची लढत, अमेरिकेच्या जोई जार्डेलोशी. ऑक्टोबर १९६४ मध्ये पाप व्हिएन्नात जिंकला, आणि त्यानंतर सरकारने परवानगीच काढून घेतली. एकूण २९ लढती, २७ विजय, २ बरोबरीत, पराभव एकही नाही. अपराजित हा शब्द ऐकायला छान वाटतो. पापच्या बाबतीत मला तो थोडा बोचतो. मेलबर्नला त्याने हरवलेला टोरेस १९६५ साली लाइट हेवीवेट गटात जगज्जेता झाला. पाप तेव्हा घरी होता. पुढे अनेक वर्षं त्याने हंगेरीच्या राष्ट्रीय संघाला मुष्टियुद्ध शिकवलं. २००३ साली तो गेला, आणि त्यानंतर बुडापेस्टच्या मोठ्या क्रीडागाराला त्याचं नाव देण्यात आलं.