टेकडी लहान, प्रश्न मोठा

डब्लिन शहराच्या दक्षिणेस माँटपेलियर नावाची एक टेकडी आहे. उंची अवघी ३८३ मीटर. सह्याद्रीचे कडे पाहिलेल्यांच्या ती नजरेतही भरणार नाही. सूचिपर्णी वृक्षांच्या दाटीतून वर जाणारी वाट साध्या चालीच्या माणसालाही सहज झेपते. परंतु या अल्पशा चढणीत आयर्लंडचा बराच इतिहास पायाखालून जातो.

माथ्यावर विल्यम कॉनोली या धनाढ्य राजकारण्याने १७२५ च्या सुमारास बांधलेल्या शिकारगृहाचे भग्नावशेष उभे आहेत. तेथील प्राचीन समाधीचे दगड त्याने बांधकामास लावले, म्हणून सैतानाने छप्पर उडवून दिले, अशी लोककथा आहे. ती समाधी मात्र खरी. २०१६ साली तेथे उत्खननही झाले.

वाटेवरचे वन तितके जुने नाही. शतकानुशतकांच्या तोडीमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी आयर्लंडमध्ये वनाखालची भूमी जेमतेम एक टक्का उरली होती. ज्या होमरूल चळवळीचे नाव लोकमान्य टिळकांनी १९१६ साली आपल्या संघास दिले, तिचे नेते पार्नेल यांच्या अव्हनडेल येथील जन्मघरी १९०४ साली वनविद्येची शाळा निघाली आणि पुनर्लागवडीस वळण लागले. आज वनक्षेत्र अकरा टक्क्यांच्या वर गेले आहे.

ही कामगिरी सामान्य नव्हे. तथापि त्यातील चाळीस टक्क्यांहून अधिक क्षेत्र उत्तर अमेरिकेतून आणलेल्या सिटका स्प्रूसने व्यापले आहे. हा वृक्ष झपाट्याने वाढतो, भरपूर लाकूड देतो. पण त्याच्या गर्द छायेत जमिनीवर फारसे काही उगवत नाही, आणि तोड झाली की डोंगर बोडका होतो. अशा उभ्या पिकास वन म्हणावे काय?

२०२० साली क्वील्चे या सरकारी मालकीच्या वनकंपनीने याचे एक उत्तर दिले. या टेकडीसह डब्लिनलगतची नऊ वने व्यापारी तोडीतून हळूहळू बाहेर काढून तेथे देशी वृक्ष वाढवावयाचे तिने ठरविले. निर्णय स्वागतार्ह आहे. पण आयर्लंडच्या कायद्यात रानावनांतून मुक्तपणे हिंडण्याचा सर्वसाधारण हक्क नाही. पादचाऱ्याची वाट मालकाच्या संमतीवरच अवलंबून असते. आज औदार्याने खुली असलेली वाट उद्या हक्काने खुली राहील, तेव्हाच ही टेकडी खऱ्या अर्थाने लोकांची होईल.