वाटी निसटते तेव्हा

भिवंडी तालुक्यातील अंजूरफाट्याकडचे वळ हे गाव आज गोदामांच्या रांगांसाठी आणि मालमोटारींच्या वर्दळीसाठी ओळखले जात असले, तरी जुनी मंडळी ज्याला हुतूतू म्हणत त्या कबड्डीचे या आगरी पट्ट्यातील वेड, भातखाचरे गेली तरी गेलेले नाही. आणि हा खेळ म्हणजे गुडघ्याची कसोटीच होय. चढाईवरचा पोरगा निदानरेषा ओलांडून मध्यरेषेकडे गर्रकन वळतो, पाऊल जमिनीत रुतलेले राहते, मांडीचे हाड आतल्या बाजूस फिरते आणि किंचित वाकलेल्या गुडघ्यावरची वाटी बाहेरच्या अंगास निसटते. पाय सरळ होताच ती बहुधा आपणहून जागेवर येते. काही तासांत आत रक्त साचून गुडघा टम्म फुगतो. घरचे लोक ‘लचक भरली’ म्हणून शेकतात, तेल चोळतात, आणि वाटी निसटली होती ही मूळ हकीकत दप्तरी लागतच नाही.

मांडीच्या हाडाच्या टोकाशी असलेल्या खोबणीतून ही वाटी मागाच्या धोट्यासारखी सरकत असते. परंतु गुडघा जेमतेम वीस-तीस अंश वाकेपर्यंत ती खोबणीत नीट शिरलेलीच नसते, आणि तेवढ्या अवधीत तिला आवरून धरण्याचे काम मुख्यतः आतल्या बाजूचा एक पातळ अस्थिबंध करतो. वाटी पहिल्यांदा निसटते तेव्हा बहुतेक वेळा तोच फाटतो. तथापि पहिल्याच खेपेस शस्त्रक्रियेची घाई सहसा करीत नाहीत. सांध्यात हाडाचा वा कूर्चेचा तुकडा तुटून पडला असेल तर गोष्ट निराळी. एरवी काही दिवस आधारपट्टा आणि मग मांडी व नितंबाच्या स्नायूंचा नेमाने व्यायाम, हाच इलाज.

वाटी पुनःपुन्हा निसटू लागली म्हणजे मात्र शल्यविशारदाला कारणाची चौकशी करावी लागते. तो अंगठ्याने वाटी हळूच बाहेर सारू पाहतो, तोच रुग्ण दचकून त्याचा हात धरतो. ही भीतीच निदानातील एक भक्कम पुरावा असते. खोबण उथळ आहे काय, वाटी प्रमाणाबाहेर उंच आहे काय, वाटीला नडगीशी बांधणारी कंडरा जेथे जोडलेली असते तो नडगीचा उंचवटा खोबणीच्या रेषेपासून वीस मिलिमीटरहून अधिक बाहेर आहे काय, हे मोजावे लागते. मोजमापाची ही शिस्त मुख्यतः फ्रान्समधील लिआँच्या देजूर यांच्या परंपरेने रूढ केली. त्यापूर्वी, 1938 मध्ये हाउजर यांनी तो उंचवटा आत आणि खाली हलविण्याची जी क्रिया मांडली, तिने वाटी निसटणे थांबले खरे, पण तिच्यावरील दाब वाढून पुढे अनेकांचे गुडघे झिजले. आज सामान्यतः मांडीच्या मागील बाजूची एक कंडरा घेऊन फाटलेला अस्थिबंध नव्याने उभारतात, आणि जरूर असेल तरच हाडाला हात लावतात.

वाढत्या वयात हा मामला अधिक नाजूक होतो. मुलींची गुडघ्याजवळची वाढपट्टी साधारण चौदाव्या, मुलांची सोळाव्या वर्षाच्या सुमारास मिटते. त्यापूर्वी नडगीचा उंचवटा हलविल्यास पुढच्या भागाची वाढ खुंटून गुडघा मागे वाकण्याचा धोका असतो. म्हणून अशा मुलांत अस्थिबंधच उभारतात, आणि त्याचे छिद्र वाढपट्टी चुकवून, क्ष-किरणांच्या देखरेखीखाली पाडतात. गुडघे एकमेकांना घासत असतील, तर वाढपट्टीच्या आतल्या अंगास छोटी पट्टिका बसवून उरलेल्या वाढीकडूनच पाय सरळ करवून घेता येतो. शल्यशास्त्रातील ही युक्ती मला फार देखणी वाटते.

आपल्याकडे आणखी एक कारण विसरता येत नाही. तान्हेपणी मांडीत वारंवार दिलेल्या इंजेक्शनांनी स्नायू आखडतो आणि पुढे गुडघा वाकविताच प्रत्येक वेळी वाटी बाहेर जाते. तेथे नुसता अस्थिबंध उभारणे व्यर्थ. आखडलेला स्नायू मोकळा वा लांब करावाच लागतो.

शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतण्यास सहा महिने किंवा अधिक लागतात, आणि व्यायामात कसूर झाल्यास उत्तम शस्त्रक्रियाही फुकट जाते. तेव्हा वळच्या पालकांना एवढीच विनंती की, फुगलेला गुडघा मालीशवाल्याच्या हाती न देता भिवंडीच्या इंदिरा गांधी रुग्णालयात किंवा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात दाखवावा, आणि पहिल्या वेळचा क्ष-किरण फोटो जपून ठेवावा.