मीटर बदलताना

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने स्कूटरच्या मीटरवर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु मीटर म्हणजे स्कूटरची रोजकीर्दच! ती चुकली की पुढचा ताळेबंद चुकलाच.

आमच्या घरी बाबांची जुनी बजाज चेतक आहे. गेल्या सुट्टीत मी व माझ्या मित्राने ती आमच्या आवडीप्रमाणे नव्याने उभी केली. वयोमानाने मीटरचा काटा मात्र शून्यावरच बसला होता. दुसरा मीटर शोधत आम्ही पुतलीबावडीला गेलो. दुकानदार म्हणाला, "बैठ जाता मियाँ, फिकर नक्को!" मीटर बसला खरा; पण काटा पस्तीस दाखवी तेव्हा मित्राचा मोबाईल पन्नास सांगे. याच स्कूटरवरून मी रोज आईला सोडायला जातो. मला घामच फुटला.

असे का व्हावे? पुढच्या चाकापाशी असलेली लहान दातेरी चाके केबलमधील तार फिरवतात. ती तार मीटरमधील लोहचुंबक फिरवते. चुंबकाच्या फिरण्याने जवळच्या अॅल्युमिनियमच्या वाटीत आवर्त प्रवाह निर्माण होतात व वाटी चुंबकामागे ओढली जाते. एक केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या रस्सीखेचीत काटा जेथे स्थिरावतो, तो वेग. ओटो शुल्झे यांनी १९०२ साली या युक्तीचे पेटंट घेतले. किलोमीटरचे आकडे मात्र निव्वळ दातेरी चाकांवर चालतात. म्हणून काटा आणि आकडे यांची तपासणी वेगवेगळी करावी.

प्रत्येक मीटर एका किलोमीटरला तारेच्या ठरावीक फेऱ्या गृहीत धरतो. समजा, मीटरला १४०० फेऱ्या हव्यात आणि आपली तार १००० च देते. तर ५० च्या वेगाला काटा सुमारे ३६ दाखवील. आमचा घोटाळा नेमका याच जातीचा होता.

उपाय सोपा आहे. टायरवर खडूची खूण करावी, वर एकाला बसवावे आणि चाकाच्या दहा फेऱ्या होईपर्यंत स्कूटर ढकलावी. आमचे अंतर साडेतेरा मीटर भरले. म्हणजे एका फेरीला १.३५ मीटर व किलोमीटरला सुमारे ७४० फेऱ्या. केबलचे वरचे टोक सोडवून तारेला कागदाचा कपटा चिकटवला की त्याच वेळी तारेच्या फेऱ्याही मोजता येतात. त्यांना चाकाच्या फेऱ्यांनी भागून ७४० ने गुणावे. येणारे उत्तर मीटरच्या आकड्याशी जुळले पाहिजे. काही तबकड्यांवर हा आकडा छापलेला असतो.

इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये चाकाचा परीघ भरता येतो, ही मोठी सोय. पण त्याला सहसा १२ व्होल्टचा स्थिर एकदिश प्रवाह लागतो. बॅटरी नसलेल्या जुन्या स्कूटरला तो थेट जोडू नये.

मीटर काढूनच टाकावा, असेही मित्राने सुचवले होते! परंतु केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११७ वेगमापक सक्तीचा करतो.

दुसऱ्या खेपेस आम्ही मोजमाप घेऊनच बाजारात गेलो. आता काटा ४० वर स्थिर ठेवला की एक किलोमीटरला ९० सेकंद लागतात. जुन्या मीटरचा शेवटचा आकडा मी बाबांच्या वहीत 'अखेरची शिल्लक' म्हणून लिहिला, नव्याचा 'आरंभीची शिल्लक' म्हणून. उद्या गाडी विकलीच, तर घेणाऱ्याला ते पान दाखवता येईल.

आमची आजी गुलबर्ग्याकडची. मी निघालो की ती कानडीत बजावते, "निधान!" म्हणजे सावकाश. पूर्वी मी नुसती मान हलवी. आता काट्याकडेही पाहतो.