उसळते अवतरण आणि गो-अराउंड

उतरताना विमानाची मुख्य चाके धावपट्टीला टेकल्यावर विमान पुन्हा हवेत उचलले गेले, तर त्यास उसळते अवतरण म्हणतात. उतरण्याचा प्रयत्न सोडून विमान पुन्हा वर नेण्याच्या क्रियेस गो-अराउंड अशी संज्ञा आहे. गो-अराउंडनंतर वैमानिक वळसा घेऊन पुन्हा उतरण्याचा प्रयत्न करतो किंवा पर्यायी विमानतळाकडे जातो. मोठ्या प्रवासी जेट विमानांत गो-अराउंड ही आणीबाणीची कृती मानली जात नाही. ती वैमानिकांच्या नियमित प्रशिक्षणाचा भाग आहे. मात्र हा निर्णय टाळल्यामुळे, उशिरा घेतल्यामुळे किंवा नीट अमलात न आणल्यामुळे मंगळूर (२०१०), दुबई (२०१६) आणि कोझिकोड (२०२०) येथील अपघात घडले.

उसळीची कारणे

मोठे जेट विमान साधारणपणे ताशी २४० ते २८० किलोमीटर वेगाने, जमिनीशी सुमारे ३ अंशांचा कोन करून धावपट्टीकडे येते. जमिनीलगत आल्यावर वैमानिक नाक किंचित वर उचलून खाली येण्याचा वेग कमी करतो. या क्रियेस फ्लेअर म्हणतात. फ्लेअर उशिरा झाल्यास चाके जोराने आपटतात, तर गरजेपेक्षा अधिक झाल्यास विमान धावपट्टीवर तरंगत राहते.

चाके आपटल्यावर त्यांच्या दांड्यांतील धक्काशोषक दाबले जातात आणि विमानास वर ढकलतात. परंतु उसळी येण्यास केवळ हा धक्का कारणीभूत नसतो. पंखांमुळे मिळणारे उत्थापक बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वेग अधिक असल्यास चाके टेकल्यावरही पंख विमानाचा बराचसा भार पेलत असतात आणि थोडा धक्काही त्यास उचलण्यास पुरेसा ठरतो. हे टाळण्यासाठी चाके टेकताच पंखांवरील स्पॉयलर नावाच्या फळ्या उभ्या राहतात. त्या उत्थापक बल नाहीसे करून विमानाचा भार चाकांवर आणतात. इंजिनांचे दांडे किमान शक्तीच्या स्थितीत नसल्यास स्पॉयलर सहसा आपोआप उघडत नाहीत. वाऱ्याचा अचानक बदलणारा वेग व दिशा यांमुळेही उसळी संभवते.

उसळीनंतरची कृती

उसळी आल्यावर नाक खाली दाबण्याची ऊर्मी स्वाभाविक असली तरी ती घातक असते. नाक दाबल्यास पुढचे चाक आधी आपटते आणि दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी होऊ शकते. नाक फार वर उचलल्यास शेपटी धावपट्टीवर घासते. म्हणून विमान निर्मात्यांच्या सूचनांनुसार उसळी लहान असल्यास नाकाचा कोन स्थिर ठेवून अवतरण पूर्ण करावे आणि उसळी उंच असल्यास गो-अराउंड करावे. अशा वेळी विमान पुन्हा एकदा टेकण्याची शक्यता असल्याने, ते निश्चितपणे वर चढू लागेपर्यंत चाके आत घेऊ नयेत.

५ मे २०१९ रोजी मॉस्कोच्या शेरेमेत्येवो विमानतळावर एरोफ्लोटच्या सुखोई सुपरजेट विमानाने उतरताना वारंवार उसळ्या घेतल्या. अखेरच्या आघातात चाकांची रचना मोडून विमानाने पेट घेतला व ४१ जणांचा मृत्यू झाला.

गो-अराउंडची पद्धत

गो-अराउंडचा निर्णय होताच इंजिनांची शक्ती वाढवली जाते, नाक वर उचलले जाते आणि फ्लॅप एका टप्प्याने आत घेतले जातात. विमान चढू लागल्याची खात्री झाल्यावर चाके आत घेतली जातात. मग हवाई वाहतूक नियंत्रण कक्षास कळवून विमान ठरलेल्या मार्गाने वर जाते. वळसा, पर्यायी विमानतळापर्यंतचा प्रवास आणि त्यानंतर ३० मिनिटे घिरट्या घालणे यांसाठी लागणारे इंधन जेट विमानात राखून ठेवलेले असते.

विमानाचा वेग, उतरण्याचा कोन व दिशा ठरावीक उंचीपर्यंत स्थिर झाली पाहिजेत, असा नियम असतो. ढगांत वा कमी दृश्यमानतेत ही उंची सहसा १,००० फूट आणि स्वच्छ हवेत ५०० फूट धरतात. ती साधली नाही, तर गो-अराउंड अपेक्षित असते. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेच्या अभ्यासानुसार मात्र अशा अस्थिर प्रयत्नांपैकी सुमारे ३ टक्क्यांतच गो-अराउंड केले जाते. वैमानिकांचा संकोच दूर व्हावा म्हणून अनेक कंपन्यांनी गो-अराउंडबद्दल दोष न देण्याचे धोरण स्वीकारले आहे.

या निर्णयालाही एक सीमा आहे. इंजिनांचा झोत पुढे वळवून विमानाचा वेग कमी करणारे थ्रस्ट रिव्हर्सर एकदा वापरात आणल्यावर गो-अराउंड करू नये, विमान थांबवावेच, असा दंडक आहे.

प्रमुख अपघात

मंगळूर, २२ मे २०१०: दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे बोइंग ७३७-८०० हे विमान ८,०३३ फूट लांबीच्या धावपट्टीवर सुमारे ५,२०० फूट पुढे टेकले. सहवैमानिकाने त्याआधी गो-अराउंडची सूचना वारंवार केली होती. कप्तानाने ती मानली नाही. उलट थ्रस्ट रिव्हर्सर वापरल्यानंतर पुन्हा उड्डाणाचा प्रयत्न केला. विमान दरीत कोसळून १६६ पैकी १५८ जण मरण पावले. टेकताच रिव्हर्सर व ब्रेक पूर्ण क्षमतेने वापरले असते, तर विमान धावपट्टीवरच थांबू शकले असते, असे चौकशीत आढळले.

दुबई, ३ ऑगस्ट २०१६: तिरुवनंतपुरमहून आलेल्या एमिरेट्सच्या बोइंग ७७७-३०० विमानाची चाके टेकल्यानंतर वैमानिकांनी गो-अराउंड सुरू केले. चाके जमिनीवर असताना गो-अराउंडचे बटण निष्क्रिय होते, त्यामुळे इंजिनांची शक्ती वाढलीच नाही. ही बाब वेळेत लक्षात आली नाही. विमान थोडे वर जाऊन चाके आत घेत असताना धावपट्टीवर कोसळले. विमानातील सर्व ३०० जण वाचले. मात्र एका अग्निशामकाचा मृत्यू झाला.

कोझिकोड, ७ ऑगस्ट २०२०: करोना साथीच्या काळात वंदे भारत मोहिमेखाली दुबईहून आलेल्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या बोइंग ७३७-८०० विमानाचे कप्तान दीपक साठे हे मूळचे नागपूरचे आणि भारतीय हवाई दलाचे निवृत्त विंग कमांडर होते. मुसळधार पावसात, काचेवरील वायपर बंद पडल्यावर पहिला प्रयत्न सोडून देण्यात आला. दुसऱ्या प्रयत्नात मागून वारा असताना विमान ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर ४,४३८ फूट पुढे टेकले आणि टोकापलीकडील सुमारे ११० फूट खोल उतारावर कोसळले. कप्तान साठे व सहवैमानिक अखिलेश कुमार यांच्यासह २१ जणांचा मृत्यू झाला. अस्थिर अवतरण चालू ठेवणे, सहवैमानिकाची गो-अराउंडची सूचना अमलात न येणे आणि सहवैमानिकाने स्वतः नियंत्रण हाती न घेणे, या बाबी चौकशी अहवालाने संभाव्य कारणांत नोंदवल्या.

महाराष्ट्रातील संदर्भ

मुंबईत पावसाळ्यातील कमी दृश्यमानता आणि धावपट्टीवरील गर्दी यांमुळे गो-अराउंडचे प्रसंग येतात. १६ ऑगस्ट २०२५ रोजी खराब हवामानात कमी उंचीवरून गो-अराउंड करताना इंडिगोच्या एअरबस ए-३२१ विमानाची शेपटी धावपट्टीला घासली. त्यानंतरच्या प्रयत्नात विमान सुखरूप उतरले.

गो-अराउंडसाठी धावपट्टीपुढील आकाशही मोकळे असावे लागते. विमान दर १०० मीटर अंतरामागे किमान २.५ मीटर चढेल, असे सामान्यतः गृहीत धरून मार्ग आखला जातो. त्यामुळे उतरण्याच्या वा वर जाण्याच्या वाटेतील उंच बांधकाम अडथळा ठरते. सोलापूर विमानतळाजवळील श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे ९० मीटर उंच चिमणी विमानसेवेस अडथळा ठरते, या कारणावरून दीर्घ काळ वाद चालला. एका बाजूस विमानसेवेची मागणी करणारे नागरिक होते, तर दुसऱ्या बाजूस कारखान्याचे ऊस उत्पादक सभासद. १५ जून २०२३ रोजी ही चिमणी पाडण्यात आली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी नूतनीकृत विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २०२५ मध्ये तेथून नियमित प्रवासी सेवा सुरू झाली.

हेही पाहा

धावपट्टी
विमानाचे उत्थापक बल
सोलापूर विमानतळ
एअर इंडिया एक्सप्रेस फ्लाइट १३४४